रोऽग आणि मल्टिक्लास: तीन खिशांचा हिशोब

कंदीलवाला

नुसतं 'रोग' लिहिलं तर आजार वाचला जातो, म्हणून खाली सगळीकडे 'रोऽग' लिहितोय.

पुण्यात आम्ही पाच जण दर रविवारी दुपारी जमून डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतो. हा टेबलावर फासे टाकून रंगवायच्या गोष्टीचा खेळ; डीएम (डन्जन मास्टर) गोष्ट चालवतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. पाचवी आवृत्ती, २०१४ची नियमावली. मी कायम रोऽग हाच क्लास, म्हणजे पात्राचा प्रकार, घेतो. चोर, हेर, कुलपं उघडणारा, अंधारात पुढे जाऊन बघून येणारा, असा माणूस खेळायला मला मनापासून आवडतो. मागच्या कॅम्पेनमध्ये माझा रोऽग मेला आणि चूक शत्रूची नव्हती, माझ्या बिल्डची, म्हणजे पात्राच्या घडणीची होती. त्यातून जे कळलं ते मांडतो आणि शेवटी एक प्रश्न विचारतो.

तो होता रोऽग ३, वॉरलॉक २, म्हणजे मल्टिक्लास: एकाच पात्रात दोन क्लासच्या लेव्हल. कागदावर झकास दिसत होता. एल्ड्रिच ब्लास्ट आणि हेक्स हे वॉरलॉकचे मंत्र, वर स्नीक अटॅक, म्हणजे रोऽगच्या वाराचं जादा नुकसान; त्यासाठी अ‍ॅडव्हान्टेज (दोन फासे टाकून मोठा धरायचा) किंवा शत्रूशेजारी आपला माणूस लागतो. पाचव्या लेव्हलला आमच्या विझार्डला फायरबॉल मिळाला, फायटरला दुसरा वार मिळाला आणि माझा स्नीक अटॅक अजून २डी६वरच (सहा बाजूंचे दोन फासे) होता. एल्ड्रिच ब्लास्टला स्नीक अटॅक लागतच नाही, कारण तो मंत्राचा वार आहे. स्नीक अटॅकला फिनेस (चपळाईने चालवायचं) किंवा रेंज्ड (लांबून मारायचं) शस्त्र लागतं. हे नियमात स्पष्ट लिहिलंय, मीच नीट वाचलं नव्हतं.

एका पुलाखाली ट्रोल भेटला. माझे हिट पॉइंट (किती नुकसान झेलता येईल तो आकडा) ३३. त्याचे दोन पंजे बसले, २४ गेले, ९ उरले. हेक्सचं काँसन्ट्रेशन (मंत्र चालू ठेवणारं लक्ष) कसंबसं टिकलं. माझी पाळी आली तेव्हा मुख्य वाराशिवायची छोटी बोनस अ‍ॅक्शन एकच. ती कनिंग अ‍ॅक्शनसाठी वापरून डिसएंगेज करून मागे सटकायचं, की मेलेल्या गॉब्लिनवरचं हेक्स ट्रोलवर सरकवायचं? मी हेक्स सरकवलं आणि रेपियरने भोसकलं. वार चांगला बसला. ट्रोलच्या पाळीला चावा हुकला, पहिल्या पंजात मी आडवा झालो. बेशुद्धावर जवळून केलेला वार आपोआप क्रिटिकल (दुप्पट फाशांचा) होतो, त्यामुळे दुसऱ्या पंजाने डेथ सेव्हची (मरणाच्या दारातल्या फाशांची, तीन हुकले की मेलो) दोन फेल्युअर्स एका झटक्यात. माझ्या पाळीला फाशावर ६ पडले. संपलं. सरळ रोऽग ५ असतो तर अनकॅनी डॉज हाताशी होता, आधीच्या पंजांपैकी एकाचं नुकसान अर्ध्यावर आलं असतं.

तेव्हापासून मी बिल्डकडे असा बघतो: रोऽगच्या अंगरख्याला तीन खिसे आहेत, शेवटचा दुसऱ्याच्या पाळीत द्यायच्या उत्तराचा. अ‍ॅक्शन, बोनस अ‍ॅक्शन, रिअ‍ॅक्शन. बोनस अ‍ॅक्शनचा खिसा दुसऱ्या लेव्हललाच भरतो, कारण कनिंग अ‍ॅक्शन हाच रोऽगचा प्राण आहे. नवा क्लास त्याच खिशात आणखी काही कोंबत असेल तर आधीचं बाहेर पडणार. हेक्स तसंच, रेंजरचं हंटर्स मार्क तसंच, दुसऱ्या हातातल्या खंजिराचा वारही तसाच. दर फेरीत निवड करावी लागते, आणि घाबरलेला खेळाडू चुकीची निवड करतो. मी केली.

रिअ‍ॅक्शनचा खिसा मात्र मोकळा आहे, आणि त्यात मोठी गंमत आहे. स्नीक अटॅक 'दर टर्नला एकदा' आहे, 'दर राउंडला एकदा' नाही. म्हणजे स्वतःच्या पाळीला एकदा आणि दुसऱ्या कुणाच्या पाळीत रिअ‍ॅक्शनने वार करता आला तर पुन्हा एकदा. रोऽगचं नुकसान एका फेरीत दुप्पट करण्याची ही सगळ्यात सरळ वाट.

म्हणून आताचा माझा रोऽग ५, फायटर २ आहे. डेक्स (चपळाई) १८, एसी (मला वार लागायला शत्रूने गाठायचा आकडा) १७. रविवारी आठवी लेव्हल मिळतेय. फायटर ३ घेऊन बॅटल मास्टर हा फायटरचा सबक्लास (उपप्रकार) व्हावं (रिपोस्टसाठी, म्हणजे शत्रूचा वार हुकला की रिअ‍ॅक्शनने उलट वार), की रोऽग ६ घेऊन आणखी दोन स्किल्सना एक्स्पर्टीज (दुप्पट प्रावीण्य) घ्यावं? आणि बॅटल मास्टर झालोच तर पुढे फायटर ४ आणि ५ घ्यावं का?

ओसरी

वाचतेय. खूप छान समजावलंय, ट्रोलचं वाचून वाईट वाटलं.

माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. मी बाल्डर्स गेट ३ हा कॉम्प्युटर गेम खेळून इकडे आले, टेबलावर आता तिसरंच सेशन आहे. कॉम्प्युटरवर थीफ (रोऽगचा सबक्लास) ३ घेतला की आणखी एक बोनस अ‍ॅक्शन मिळायची, म्हणून मी तेच घ्यायचं ठरवलं होतं. आमची डीएम म्हणते टेबलावर तसं नाही. मग थीफचा उपयोग काय?

कंदीलवाला

@ओसरी, तुमच्या डीएमचं बरोबर आहे. टेबलावर थीफच्या फास्ट हँड्सने बोनस अ‍ॅक्शन वाढत नाही. त्याच एका बोनस अ‍ॅक्शनमध्ये तुम्ही खिसा कापू शकता, कुलूप किंवा सापळा हाताळू शकता, एखादी वस्तू वापरू शकता. लढाई चालू असताना दाराचं कुलूप उघडणं, जळत्या तेलाची कुपी फेकणं, ही खरी मजा आहे. पण तो खिसा तोच, एकच.

आणखी दोन फरक आत्ताच लक्षात ठेवा. त्या गेममध्ये मल्टिक्लासला गुणांची अट नाही. टेबलावर आहे: रोऽगसाठी डेक्स १३, फायटरसाठी स्ट्रेंग्थ किंवा डेक्स १३, रेंजर आणि मंकला डेक्स आणि विज्डम दोन्ही १३, वॉरलॉक-बार्ड-सॉर्सररला करिझ्मा १३. आणि ही अट नव्या क्लासची तशीच जुन्या क्लासचीही पूर्ण व्हावी लागते. दुसरं म्हणजे, २०१४च्या पुस्तकात मल्टिक्लास हा ऐच्छिक नियम आहे, त्यामुळे डीएमला आधी विचारायचं.

रातवा

कंदीलवाला, खिशांची कल्पना पटली. पण तुम्ही फक्त जवळून लढणारा रोऽग धरलाय. मी कायम धनुष्यवाला घेते, आणि माझ्या मते लांबून लढणाऱ्याला रेंजरसारखा दुसरा सोबती नाही.

ग्लूम स्टॉकर हा रेंजरचा सबक्लास घ्या. तिसऱ्या लेव्हलला इनिशिएटिव्हमध्ये (पाळ्यांचा क्रम ठरवणाऱ्या फाशात) विज्डम मिळतं, लढाईच्या पहिल्या टर्नला एक जादा वार आणि त्यावर १डी८. डार्कव्हिजनवर (अंधारात बघायच्या शक्तीवर) अवलंबून असणाऱ्यांना तुम्ही अंधारात दिसतच नाही, म्हणजे अ‍ॅडव्हान्टेज आयतं मिळतं. माझा क्रम आधी रेंजर ५, मग रोऽग ३, सबक्लास असासिन. उलट क्रमाने गेलात तर दुसरा वार आठव्या लेव्हलपर्यंत मिळत नाही, आणि तो मधला काळ फार रडत जातो. आठव्या लेव्हलला पहिल्या टर्नला तीन बाण, आणि शत्रू सरप्राइज्ड (गाफील) असेल तर लागलेला प्रत्येक बाण क्रिटिकल.

हंटर्स मार्क मी पहिल्या फेरीत लावतच नाही, त्यामुळे खिसा मोकळा राहतो.

तळघर

मी खेळते कमी, डीएम म्हणून बसते जास्त. टेबलाच्या पलीकडून जे दिसतं ते सांगते.

@रातवा, असासिनचा तुमचा हिशोब बरोबर आहे, पण तो सगळा 'सरप्राइज्ड' या एका शब्दावर उभा आहे. २०१४च्या नियमांत लपणाऱ्या प्रत्येकाचा स्टेल्थ (लपण्याचा फासा) समोरच्याच्या पॅसिव्ह पर्सेप्शनशी (सहज लक्ष जाण्याच्या आकड्याशी) ताडला जातो. समोरच्याला तुमच्यातला एक जरी दिसला तरी तो सरप्राइज्ड नाही. तुमच्या मागे प्लेट आर्मर घातलेला पॅलाडिन डिसअ‍ॅडव्हान्टेजने स्टेल्थ टाकत येतोय. माझ्या टेबलावर एका असासिनने सहा महिन्यांत दोनदाच खरं सरप्राइज मिळवलं. त्या दोन्ही वेळा सगळं टेबल उभं राहिलं होतं हे खरं, पण बाकीच्या सगळ्या रविवारी तो मुलगा हिरमुसला होऊन बसायचा. शेवटी मी त्याला पार्टीच्या साठ फूट पुढे एकटं जायची सवय लावली. आणि ड्रूइडला 'पास विदाउट ट्रेस' हा मंत्र घ्यायला सांगितलं. त्याने सगळ्या पार्टीच्या स्टेल्थला १० मिळतात, पॅलाडिनच्याही. मग त्याचा बिल्ड चालायला लागला. म्हणजे असासिन घ्यायचा तर तो पार्टीने मिळून घ्यायचा.

@कंदीलवाला, तुमच्या प्रश्नावर येते. आधी एकच विचारते: तुमच्या पार्टीतला फायटर कोणता आहे? तोच बॅटल मास्टर असेल तर त्याला कमांडर्स स्ट्राइक घ्यायला सांगा. तो स्वतःचा एक वार आणि बोनस अ‍ॅक्शन सोडतो, तुम्ही रिअ‍ॅक्शनने त्याच्या पाळीत वार करता, वर त्याचा सुपिरिऑरिटी डाय (बॅटल मास्टरचा खास फासा). स्नीक अटॅक पुन्हा लागतो. तुमची एकही लेव्हल खर्च न होता तुम्हाला हवं ते मिळालं.

कंदीलवाला

@तळघर, हे डोक्यातच आलं नव्हतं! पण आमचा फायटर चॅम्पियन या दुसऱ्या सबक्लासचा आहे, त्यामुळे ती वाट बंद.

डावखुरा फासा

सगळे डेक्सवाल्या रोऽगबद्दलच बोलतायत म्हणून बार्बेरियनची बाजू मांडतो.

स्नीक अटॅकला फिनेस शस्त्र लागतं. पण त्या शस्त्राने डेक्स वापरूनच वार करावा असं कुठेही लिहिलेलं नाही. रेपियर हातात घ्या, वार स्ट्रेंग्थने करा. बार्बेरियन २ला रेकलेस अटॅक मिळतो, म्हणजे हवं तेव्हा अ‍ॅडव्हान्टेज, म्हणजे हवं तेव्हा स्नीक अटॅक. शेजारी मित्र उभा असण्याची गरज नाही, लपण्याची गरज नाही.

बदल्यात शत्रूंनाही तुमच्यावर अ‍ॅडव्हान्टेज मिळतं. पण रेजमध्ये (बार्बेरियनच्या संतापात) शस्त्रांच्या घावांचं नुकसान अर्धं होतं, आणि अनकॅनी डॉज असेल तर तेही अर्धं. परवा एका जायंटचा २८चा घाव मी डॉजने १४ केला आणि रेजने ७. डीएमने दोनदा हिशोब तपासला. अर्थात हे फेरीतल्या एकाच घावाला, बाकीचे नुसते रेजवर काढायचे.

सुरुवात बार्बेरियनने करा. पहिल्या लेव्हलला मीडियम आर्मर मिळतं. नंतर मल्टिक्लास करून आलात तर ते मिळत नाही. स्ट्रेंग्थ आणि डेक्स दोन्ही १३ हवेत. हा लपतछपत फिरणारा चोर होत नाही, बाजारपेठेत हप्ता गोळा करणारा दांडगा माणूस होतो, आणि तो खेळायला मला फार आवडतो.

जुनी वही

सहमत. थोडं अवांतर, पण या विषयाचा इतिहास गोड आहे म्हणून लिहितो.

१९७४च्या मूळ खेळात चोर नव्हताच. फायटिंग मॅन, मॅजिक यूझर, क्लेरिक एवढेच. थीफ आला १९७५च्या ग्रेहॉक पुरवणीत. १९७८च्या अ‍ॅडव्हान्स्ड नियमावलीत मल्टिक्लास फक्त एल्फ, ड्वार्फ वगैरेंना; एल्फ फायटर-थीफ दोन्ही क्लास एकदमच शिकायचा आणि मिळालेला अनुभव दोन्हीकडे वाटला जायचा. माणसांना ते नाही. त्यांनी एक क्लास सोडून दुसरा धरायचा, याला ड्युअल क्लास म्हणत. आणि त्या पुस्तकातला बार्ड बघा: आधी फायटर, मग थीफ, मग ड्रूइडांकडे जाऊन बार्ड. म्हणजे तिथला बार्डच मुळात चोराचा मल्टिक्लास होता.

दर लेव्हलला हवा तो क्लास घ्यायची मोकळीक २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत आली, आणि तिथेच थीफ क्लासचं नाव रोऽग झालं. पहिल्या लेव्हलला स्किल पॉइंट चौपट मिळायचे आणि रोऽगला सगळ्यांत जास्त, म्हणून ज्याला त्याला पहिली लेव्हल रोऽगची घ्यावीशी वाटायची. आज मल्टिक्लासने रोऽगमध्ये शिरणाऱ्याला एकच स्किल मिळतं आणि सरळ रोऽगने सुरुवात करणाऱ्याला चार. त्या जुन्या मोहावरचा हा उतारा असावा असं मला नेहमी वाटतं.

खडीसाखर

जुनी वही यांच्या शेवटच्या मुद्द्याला धरून: मी विझार्ड आहे आणि रोऽगची फक्त एक लेव्हल घेतलीय. त्या एका लेव्हलला इन्व्हेस्टिगेशन आणि स्टेल्थला एक्स्पर्टीज, थीव्ह्ज टूल्स, १डी६ स्नीक अटॅक. आमच्या पार्टीत रोऽगच नव्हता, कुणीतरी सापळे शोधायला हवेच होते.

किंमतही सांगते. माझा फायरबॉल पाचव्याऐवजी सहाव्या लेव्हलला आला, आणि हा एका लेव्हलचा उशीर शेवटपर्यंत राहणार. ती पाचवी लेव्हल बरेच दिवस चालली. तेवढा सगळा वेळ मी पार्टीला मागे खेचतेय असं वाटायचं. एकदा मात्र एका मठाच्या तळघरात दगडी शवपेटीवरचा विषारी सुयांचा सापळा मला सापडला, २७ आले होते, आणि क्लेरिकने पेटीवर टेकवलेला हात तसाच हवेत थांबला. त्या दिवसानंतर मला तसं कधी वाटलं नाही.

रातवा

@तळघर, पटलं. पास विदाउट ट्रेस रेंजरला स्वतःलाही मिळतं, पाचव्या लेव्हलला, हे मी विसरलेच होते. पुढच्या सेशनला तेच करते.

जे २०२४च्या नियमांकडे वळलेत त्यांच्यासाठी एक सूचना. तिथे सरप्राइज म्हणजे फक्त इनिशिएटिव्हला डिसअ‍ॅडव्हान्टेज, आपोआप क्रिटिकल गेलं. सगळ्यांचे सबक्लास तिसऱ्या लेव्हलला आले, त्यामुळे एका लेव्हलपुरतं क्लेरिक किंवा वॉरलॉक घेऊन सबक्लास उचलायची युक्ती बंद झाली. आणि रोऽग ५ला कनिंग स्ट्राइक मिळतं: स्नीक अटॅकचे फासे सोडायचे आणि बदल्यात शत्रूला पाडायचं, विष द्यायचं किंवा निसटायचं. जितके फासे जास्त तितकं हे चांगलं चालतं. म्हणून तिथे मी मल्टिक्लास न करता सरळ रोऽगच राहीन.

तळघर

@कंदीलवाला, तर मग फायटर ३ घ्या. पण आकड्यांसकट घ्या.

तुमचा वारावर बोनस ७ आहे. एसी १५ असेल तर ८ किंवा वर हवेत, म्हणजे ६५ टक्के. अ‍ॅडव्हान्टेज मिळालं तर जवळपास ८८ टक्के. गंमत म्हणजे अ‍ॅडव्हान्टेज नसताना दोन वेगळे वार केले तरी निदान एक लागण्याची शक्यता तेवढीच, ८८. रोऽगला एकच वार लागायला हवा असतो, म्हणून त्याच्यासाठी फायटर ५चा दुसरा वार ही दुसरी संधी आहे. पण तिच्यासाठी फायटरच्या आणखी तीन लेव्हल जातात. तेवढ्यात रोऽग ७ला इव्हेजन मिळतं, स्नीक अटॅक ४डी६ होतो, आणि रोऽग ८ला गुणही वाढवता येतात. मी तुमच्या जागी असते तर फायटर ३वर थांबून परत रोऽगकडे वळले असते. फायटर ४चे गुणही रोऽग ८लाच मिळतात, तिथे घाई नको.

मॅन्युव्हर (बॅटल मास्टरचे डावपेच) तीन मिळतील. रिपोस्ट आहेच. दुसरं प्रिसिजन अटॅक घ्या: वार थोडक्यात हुकला तर डी८ टाकून वर ओढता येतो, आणि ज्याचा सगळा जीव एका वारात आहे त्याला याहून चांगली वस्तू नाही. तिसरं आवडीचं. चार डाय आहेत, शॉर्ट रेस्टने परत येतात, उगाच राखून ठेवू नका.

आता जपायची गोष्ट. तुम्ही म्हणालात रिअ‍ॅक्शनचा खिसा मोकळा आहे. नाही. पाचव्या लेव्हलपासून तिथे अनकॅनी डॉज आहे. रिपोस्ट शत्रूचा वार हुकल्यावर येतं, डॉज वार लागल्यावर. ज्याला दोन-तीन वार आहेत त्याचा पहिला हुकला आणि तुम्ही रिपोस्ट केलंत, की पुढच्या वारांना तुमच्याकडे काही उरत नाही. ट्रोलच्या वेळी बोनस अ‍ॅक्शनमध्ये झालं तेच इथे होईल. आणि रिपोस्टला स्नीक अटॅक लागायला अ‍ॅडव्हान्टेज नसेल तर शत्रूच्या पाच फुटांत तुमचा कुणीतरी हवाच, नाहीतर नुसता रेपियर आणि डी८.

कंदीलवाला

@तळघर, मनापासून आभार. रिअ‍ॅक्शनचा खिसा भरलेला आहे हे मी स्वतःच्याच हिशोबात धरलं नव्हतं. फायटर ३ घेतलं. रिपोस्ट, प्रिसिजन, ट्रिप.

कालचं सेशन सांगतो. भाडोत्री सैनिकांची टोळी, त्यांचा म्होरक्या दोन तलवारींचा, पाळीला तीन वार. मी आणि चॅम्पियन त्याच्या दोन बाजूंना. माझे ६२पैकी २३ हिट पॉइंट उरलेले. त्याचा पहिला वार हुकला. डीएमने माझ्याकडे बघितलं. मी जवळजवळ अर्धा मिनिट फासे हातात धरून बसलो होतो, तुमचं वाक्य आठवत होतं. मग रिपोस्ट केलं. रेपियरचे ५, डेक्सचे ४, सुपिरिऑरिटीचे ७, स्नीक अटॅकचे १३. एका झटक्यात २९, तेही त्याच्या पाळीत. तो डळमळला, पण पडला नाही. दुसरा वार लागला, १९. डॉज नव्हता. उरले ४. तिसरा वार डीएमने सगळ्यांसमोर टाकला आणि एकूण १६ आले. माझा एसी १७.

पुढची पाळी चॅम्पियनची होती, त्याने म्होरक्याला पाडलं. घरी जाताना क्लेरिक मला म्हणाली, पुढच्या वेळी २३ वर असताना रिपोस्ट करायचं असेल तर आधी माझ्याकडे बघ, माझी पाळी कधी येतेय ते लक्षात घे. तिचं बरोबर आहे. इनिशिएटिव्हचा क्रम मी आता कॅरेक्टर शीटच्या कोपऱ्यात दर लढाईला लिहून ठेवणार आहे.

ओसरी

बाप रे, १६! मी डीएमशी बोलले. थीफच घेतेय, मल्टिक्लास आत्ता नाही. रोऽग ५ झाले की याच धाग्यावर परत येते.